सोबतच्या फोटोतील मुलगी

सदाशिवराव वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांच्या नावानं बोटं मोडत बसतील. वाईट माणसाशी मला भांडता येतं. एकदा एका कंडक्टरनं माझ्या पोरीला सुट्ट्या पैशांवरून अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं, तर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या अंगावर तर्रीची प्लेट ओतली होती. पण चांगल्या माणसाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

सदाशिवराव आमच्या गावचे पोलीस पाटील. झरी जामणी तालुक्यातलं आमचं गाव पैनगंगेच्या काठाला आहे. नदी ओलांडली की तेलंगणा. राज्यं दोन असली तरी सोयरिकी, बाजार, मजुरी सगळं दोन्हीकडे चालतं. इकडचा कापूस तिकडे जातो, तिकडच्या बाया इकडे वेचायला येतात. आणि इकडून चोरीला गेलेले बैलसुद्धा तिकडेच जातात, कारण राज्याच्या सीमेचा खरा उपयोग आमच्याकडे फक्त बैलचोरांना झालेला आहे. इकडचे पोलीस म्हणणार आमची हद्द संपली, तिकडचे म्हणणार आमच्याकडे तक्रार नाही.

त्यावर सदाशिवरावांनीच उपाय काढला होता. दोन्ही काठांवरच्या गावांचे पोलीस पाटील, सरपंच आणि तांड्यांचे नाईक, सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. बैल गेला की त्याचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'सोबतच्या फोटोतील बैल आढळल्यास तात्काळ कळवावे. एक शिंग मोडके, कपाळावर चांद.' आणि बैल सापडायचे. कुणाच्या तरी गोठ्यात, कुणाच्या तरी बाजारात दिसायचेच. सदाशिवरावांचा त्या ग्रुपमुळे दोन राज्यांत मान होता. माझ्या दुकानात बसून ते सापडलेल्या बैलांचे फोटो लोकांना दाखवायचे, नातवंडांचे दाखवावेत तसे.

माझं दुकान फाट्यावर आहे. चहा आणि तर्री-पोहे. धर्मपाल, माझा नवरा, पलीकडे एका जिनिंगमध्ये कामाला. बोंडअळीनं सलग काही वर्षं कापूस खाल्ल्यापासून जिनिंगची एक पाळी बंद पडली होती, तरी तो तिथेच राहायचा, दुसरी बंद पडेपर्यंत. घरी मी आणि समीक्षा. समीक्षा बारावीला, सायन्स घेऊन. पांढरकवड्याला एसटीनं जायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. कोरोनात शाळा फोनमध्ये गेली तेव्हा घेतलेला फोन तिच्याचकडे असायचा, कारण मला त्यातलं फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच जमतं.

त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत आमच्या फाट्यावरच्या मंगल कार्यालयात दोन्हीकडच्या पोलिसांची बैठक झाली. विषय मुलांचा होता. फोनवरून पोरांना फसवतात, पोरींना धमकावतात, फसवणारा एका राज्यात आणि लेकरू दुसऱ्या राज्यात, म्हणजे बैलांसारखंच सगळं. तर आता दोन्हीकडच्यांनी मिळून काम करायचं, असं ठरलं. पोहे माझेच होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. बाकीची भाषणं लांबली. आमच्या ठाण्यातल्या मॅडम मात्र थोडंच बोलल्या. म्हणाल्या, लेकरानं येऊन सांगितलं तर पहिल्यांदा त्याला ओरडू नका, त्यानं सांगितलं हेच मोठं आहे. मी तेव्हा लिंबं कापत होते. मला ते पटलं.

मग असं ठरलं की नदीकाठच्या सगळ्या गावांचा एक ग्रुप करायचा, म्हणजे एका काठावरची बातमी दुसऱ्या काठावर लगेच पोचेल. कुणीतरी म्हणालं, ग्रुप तर आहेच. सदाशिवरावांनी बसल्या जागी ग्रुपचं नाव बदललं. 'बाल सुरक्षा, दोन्ही काठ'. वरचा मोडक्या शिंगाच्या बैलाचा फोटो तेवढा राहून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात पुसून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी समीक्षानं मला सांगितलं. मी सकाळसाठी कांदे चिरत होते. ती येऊन समोर बसली आणि एक कांदा हातात घेऊन सोलू लागली.

"आई, एक सांगाचं होतं. पहिले ओरडू नोको."

नर्सिंगच्या परीक्षेच्या एका ग्रुपमध्ये तिची प्रिया नावाच्या मुलीशी ओळख झाली होती. प्रिया पण नर्सिंगची तयारी करत होती. गोड बोलायची, नोट्स पाठवायची. समीक्षानं तिला चौदा एप्रिलचा आपला फोटो पाठवला होता, विहारासमोर भाषण केलं होतं तो, पांढऱ्या साडीतला. आता त्या प्रियानं तिचा चेहरा कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगावर लावून परत पाठवला होता. आणि खाली लिहिलं होतं की खरे फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्यांना जाईल.

मी ओरडले नाही. माझ्यासारख्या बाईनं न ओरडणं म्हणजे काय, हे आमच्या फाट्यावर कुणालाही विचारा. मी चाकू खाली ठेवला, हात धुतले आणि तिला म्हटलं, "बरं केलं सांगतलं." बस, एवढंच. या सगळ्या प्रकरणात मी नीट केलेली गोष्ट ती एवढीच, आणि तिचा मला अभिमान होता. माझी पोरगी आधी माझ्याकडे आली. गावात किती आयांना असं म्हणता येईल?

आमच्याकडे ठाण्यात जायचं तर आधी पोलीस पाटलाकडे जातात. आम्ही गेलो. सदाशिवरावांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि लगेच फोन पालथा ठेवला.

"काई भेऊ नोको बाई," ते समीक्षाला म्हणाले. "पोट्टी गावाची हाय. पाहूनच घेऊ आपन."

मॅडमना आधीच कळवायचं म्हणून त्यांनी तो फोटो आपल्या फोनवर घेतला. मग आम्हाला घेऊन स्वतः ठाण्यात आले. मॅडमनी समीक्षाला वेगळ्या खोलीत नेलं, अंगावरचा युनिफॉर्म बदलून आल्या, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मी तिथे असताना त्यांनी नदीपलीकडच्या साहेबांना फोन लावला. मला वाटलं होतं हद्दीचं सुरू होईल. नाही झालं. तिकडच्या साहेबांनी नंबर घेतला, पुन्हा स्वतःहून फोन केला, अर्धं हिंदी अर्धं तेलुगू बोलत माणसं कामाला लावली. जे बैठकीत ठरलं ते खरंच होत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी काम ठरल्याप्रमाणे होताना बघितलं.

प्रिया म्हणजे पलीकडच्या बाजारगावात मोबाईलच्या दुकानात बसणारा एक पोरगा निघाला. त्याला उचललं. मॅडमचा फोन आला की समीक्षाचा फोटो त्यानं अजून कुणालाच पाठवलेला नाही, त्याचा फोन जप्त केला आहे, आता काळजी करू नका. त्या दिवशी समीक्षा पोटभर जेवली. धर्मपालला मी फोनवर सगळं सांगितलं, आधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "झालं नं आता? झालं मंग." मलाही वाटलं, झालं.

रविवार होता. समीक्षा दुकानात माझ्या मदतीला आली होती. काळी-पिवळी जीपचा एक ड्रायव्हर पोहे खात होता, मारेगावच्या बाजूचा, ओळखीचा नाही. खाताना फोन बघत होता. समीक्षा त्याला पाणी द्यायला गेली. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग पुन्हा तिच्याकडे. आणि त्यानं फोन पालथा ठेवला आणि मान खाली घालून भराभरा पोहे संपवले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "काळजी घेत जा, ताई." वाईट काहीच बोलला नाही.

समीक्षानं ग्लास टेबलावर ठेवला आणि ती मागच्या दारानं घरी गेली. मी पोह्यांची कढई हलवत राहिले.

थोड्या वेळानं सदाशिवराव आले. चेहरा खुललेला होता.

"दोन्ही काठाले कळवलं, सत्यशीला. आता एकाही गावात कोनी ठेवनार नाई थो फोटो."

"कोनता फोटो?" मी विचारलं.

"थोच. ग्रुपवर टाकला नं काल."

त्यांनी मला वाचून दाखवलं. 'सर्वांना कळविण्यात येते की सोबतच्या फोटोतील मुलगी आपल्याच तालुक्यातील, चांगल्या घरची असून फोटो बनावट आहे. सदर फोटो आपल्या गावात कोणाकडे आढळल्यास तात्काळ डिलीट करावा व कळवावे.'

"फोटो कायले टाकला, पाटील?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "फोटो टाकल्याबिगर लोकाले कसं समजन कोनता काढून टाकाचा थो?"

गेली कितीतरी वर्षं त्यांनी असंच शोधलं होतं. शिंग, चांद, रंग दाखवल्याशिवाय बैल ओळखायचा कसा? माझ्या हातात उलथनं होतं. मला राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली त्याची. आला नाही. गिऱ्हाईक आलं, मी त्याला चहा दिला. साखर घातली की नाही ते आठवत नाही.

ठाण्यात मॅडमनी सदाशिवरावांना उभं केलं आणि पाच मिनिटं त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, म्हटलं तर तुमच्यावरच केस होते. सदाशिवराव टोपी हातात घेऊन म्हणाले, "करा मॅडम. चूक झाली." बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि उठेचनात. मलाच त्यांना उठवून चहाला न्यावं लागलं. माझ्या पोरीचं हे झालं आणि मी पाटलाला धीर देत होते. उलटी गंगा म्हणतात ती हीच.

ग्रुपवरून फोटो काढला. पण तोवर तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये उतरला होता, आणि चांगल्या माणसांनी तो पुढे पाठवला होता. नातेवाइकांना, बचत गटांना, जिनिंगच्या ड्रायव्हरांना. खाली हात जोडलेली चित्रं टाकून. 'डिलीट करा, एका बहिणीच्या इज्जतीचा प्रश्न आहे.' त्या हरामखोर पोरानं जी धमकी दिली होती ती त्याला अमलात आणता आली नाही. ते काम आम्ही केलं, दोन राज्यांनी मिळून.

समीक्षा रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती मागच्या खोलीत बसून राहायची. ताट दिलं की जेवायची, सांगितलं की आंघोळ करायची. कॉलेजला जाणं बंद. बोलणं बंद. मैत्रिणी आल्या तर पांघरूण घेऊन झोपायची. धर्मपाल जिनिंग सोडून घरी आला आणि ओट्यावर बसू लागला. त्याचं एकच म्हणणं, हिला नागपूरला हिच्या आत्याकडे पाठवू, परीक्षा राहू दे या वर्षी. समीक्षाला विचारलं की मान हलवायची. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही. मीही काही वेगळी नव्हते. सकाळी उठायचे, पोहे भिजवायचे, फाट्यावर जायचे. लोक हळू आवाजात बोलायचे माझ्याशी. मयताच्या घरी बोलतात तसे. माझ्या आत काहीच होत नव्हतं. अंगाला बधिर करणारं इंजेक्शन दिल्यासारखी मी हिंडत होते, आणि मला एवढंच कळत होतं की पोरगी अशीच राहिली तर परीक्षा जाईल, नर्सिंग जाईल आणि मग तीही जाईल, घरात असून.

सदाशिवराव एका सकाळी मोटारसायकल घेऊन दारात आले. म्हणाले, गावोगाव जाऊ, तुझ्या डोळ्यांसमोर एकेकाच्या फोनमधून काढायला लावतो. मी मागे बसले. करायला दुसरं काय होतं?

पहिल्या गावात सरपंचांनी पारावर माणसं जमवली. म्हणाले, "ह्या फोटोतल्या पोरीच्या आई." सगळ्यांनी मान खाली घालून फोन काढले. एक म्हातारा म्हणाला, "मले नाई आला बावा. कोनता होता?" तर शेजारच्यानं त्याला दाखवला. मग दोघांनी मिळून डिलीट केला. माझ्या समोर. दुसऱ्या गावात बाया जमल्या, त्यांनी मला कुंकू लावायला बोलावलं, मग आठवलं की मी लावत नाही, मग त्यांनी नुसता चहा दिला. तिथेही तेच. ज्यांना फोटो माहीत नव्हता त्यांना माहीत झाला, ज्यांना फोटो माहीत होता पण घर माहीत नव्हतं त्यांनी मला बघून घेतलं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तसं झालं.

"पाटील, गाडी वळवा," मी म्हटलं. "आपुन पुसून नाई राह्यलो. वाटून राह्यलो."

त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, नदीपलीकडच्या तांड्याच्या नाईकाला निरोप दिलेला आहे, तो वाट बघत असेल, तेवढं करून परत जाऊ. पूल समोरच होता. मी हो म्हटलं.

नाईकाचं नाव फुलसिंग. तो आणि सदाशिवराव बाहेर बाजेवर बसले. त्याची बायको मानीबाई मला चहाला म्हणून आत घेऊन गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. घरात बसायला जागा नव्हती. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस खोलीत आढ्यापर्यंत चढला होता. त्या ढिगाच्या कडेला एक पोरगी पाय दुमडून बसली होती. मला बघून तिनं ओढणी पुढे घेतली.

"हे उर्वशी," मानीबाई म्हणाली. "माही पोरगी. इलेबी थे प्रिया भेटली होती."

मी चहाची बशी खाली ठेवली.

"इनं मले सांगतलं. याडी, असं असं झालं म्हने. दुसऱ्या दिवशी ठान्यात जानार होतो आमी, हिचा बाप तयार होता. अन् सकाळी तुह्या पोरीचा फोटो आला ग्रुपवर. हिच्या बापाच्या फोनमंदी." मानीबाई कापसाकडे बघत बोलत होती. "तुह्या पोरीनं सांगतलं, तं काय झालं थे पाह्यलं आमी. झाकली मूठ बरी, बाई."

मॅडमनी मला सांगितलं होतं की त्या पोराच्या फोनमध्ये आणखी मुलींशी बोलणं आहे, पण सगळी टोपणनावं. त्याचा वकील जामीन मागतोय, एकच तक्रार आहे म्हणतोय. आणखी एक घर पुढे आलं तर गोष्ट वेगळी होईल. नाहीतर तो सुटेल, आणि फोटो त्यानं दुसरीकडे कुठे ठेवले असतील ते त्यालाच माहीत. मी हे सगळं मानीबाईला सांगितलं. ती ऐकत होती. ऐकून म्हणाली, "चहा घे." तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

घरी आल्यावर मी समीक्षाला सांगितलं. तिनं काही म्हणावं म्हणून नाही. काम करता करता मी तिला सगळं सांगते, लहानपणापासून सांगते, आणि ती बोलत नव्हती तरी माझी सवय सुटली नव्हती. मी भाकरी थापत होते. तांडा सांगितला, कापूस सांगितला, पोरगी सांगितली.

"नाव काय तिचं?" समीक्षा म्हणाली.

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी हात थांबवला नाही, थांबवला तर पुन्हा गप्प होईल असं वाटलं. "उर्वशी."

"सकाळी जाऊ."

धर्मपाल ओट्यावरून उठून आत आला. म्हणाला, "कायले? लोकं पाह्यतीन." समीक्षा त्याला म्हणाली, "पाह्यलंच हाय, बाबा." तो पुन्हा बाहेर जाऊन बसला.

सदाशिवराव गाडी घेऊन आले होते. समीक्षानं त्यांना नको म्हटलं. आम्ही फाट्यावरून काळी-पिवळीत बसलो. आमच्याकडच्या पोरी घराबाहेर पडताना डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं बांधतात, उन्हाचं आणि धुळीचं निमित्त करून. समीक्षाही बांधायची. त्या दिवशी बांधली नाही. जीपमध्ये वेचणीला निघालेल्या बाया होत्या, दोन पोरं होती. सगळ्यांनी बघितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्या आणि त्या पोरांच्या मधे बसले. माझ्या हातून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

फुलसिंग घरी नव्हता. मानीबाईनं आम्हाला बघून दारात वाट अडवली, मग समीक्षाकडे नीट बघितलं आणि बाजूला झाली. उर्वशी कालच्याच जागी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वयानं सारख्याच असतील.

"तू थेच नं?" उर्वशीनं विचारलं.

"हो," समीक्षा म्हणाली. "मीच." आणि ती तिच्या शेजारी कापसात जाऊन बसली.

मानीबाईनं माझ्या हातात चहा दिला. मी आणि ती दोघी उभ्याच होतो. पोरी हळू बोलत होत्या. प्रिया काय काय लिहायची, कोणत्या नोट्स पाठवायची. दोघींना तिनं तेच लिहिलं होतं, तीच चित्रं पाठवली होती. एकदा तर उर्वशीला हसू आलं, पण लगेच गेलं. समीक्षा तिला मॅडमना सांग म्हणत होती.

मग उर्वशीनं विचारलं, "असं होईन म्हनून मालूम असतं, तं सांगतलं असतं का तू आईले?"

मला वाटलं, समीक्षा माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "नाई."

चहा माझ्या हातात तसाच राहिला.

"खोटं कायले सांगू तुले," समीक्षा म्हणाली. "मले मालूम असतं नं, तं मी नसतं सांगतलं. कोनालेच नाई. आईलेबी नाई."

मानीबाईनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. माझी पोरगी आधी माझ्याकडे आली, ही एकच गोष्ट माझ्याजवळ शिल्लक होती. ती गेली. पोरगी चिडून बोलली नव्हती, माझ्यावर तिचा राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ती म्हणाली.

"मंग मले सांग सांग काहून म्हनतं?" उर्वशी म्हणाली.

"कारन तुहा फोटो आता कोनी टाकत नाई. मॅडमनं त्यायले असं झापलं, पाटील, सरपंच, सगळ्याइले. आता त्यायले समजलं फोटो नसतो टाकाचा म्हनून. त्यायले समजाले एक पोरगी लागत होती. माहा टाकून झाला. तुहा नाई टाकत."

बाहेर कुणाचं तरी लेकरू शेळीला हाकत होतं. उर्वशी बराच वेळ बोटांनी सरकीवरचा कापूस ओढत राहिली. मग ती आपल्या बोलीत मानीबाईला काहीतरी म्हणाली. मला फक्त 'याडी', म्हणजे आई, एवढंच कळलं. मानीबाई जागची हलली नाही. उर्वशीनं पुन्हा म्हटलं, आवाज न चढवता. तेव्हा मानीबाईनं पदर खोचला, ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. पुसला आणि पोरीच्या हातात दिला.

मॅडमना फोन समीक्षानं लावला. मला विचारलं नाही. "मॅडम, मी समीक्षा. अखीन एक जन हाय. नाई, फोटो पाठवत नाई. कोनालेच पाठवत नाई. तुमी तिकडच्या एखाद्या मॅडमले घेऊन इथीच या, साध्या कपड्यात. गाडी तांड्याबाहीर उभी करा." मॅडम काहीतरी म्हणाल्या, ती हो हो म्हणत होती. वॉर्डात फिरणाऱ्या सिस्टर बोलतात तसा तिचा आवाज होता. मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.

फोन ठेवून ती उठली, आमच्याजवळ आली.

"आई, तू अन् काकू बाहीर बसा. तिले तुमच्यासमोर सांगता नाई येनार."

मी म्हटलं, "बरं." मानीबाई म्हणाली, "बरं." आम्ही दोघी बाहेर आलो. समीक्षानं दार लोटलं आणि आतून कडी लावली.

आम्ही ओट्यावर बसलो. आत दोघी बोलत होत्या, पण शब्द कळत नव्हते. मानीबाईनं मला सुपारी दिली, मी खाल्ली. पोरगी बोलू लागली, परीक्षेलाही बसेल बहुतेक, मला हेच तर पाहिजे होतं. ती बोलत होती आणि मी दाराबाहेर होते. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं, आणि ते वाईट वाटलं. मॅडमची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी आया तिथेच बसून होतो.